आरोळे दांपत्याचा यथोचित सन्मान कसा करावा?

विंचरणा
नमस्कार. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने जामखेड तालुक्यातून पुण्यात येऊन स्थायिक झालेल्या आमच्या मंडळींचा एक लहानसा गट आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या स्मरणार्थ गटातर्फे काहीतरी कायमस्वरूपी करावे, असा विषय मागच्या बैठकीत निघाला आणि त्यावर बराच वाद झाला. एका पक्षाला दोघांचे अर्धपुतळे हवे आहेत, दुसऱ्याला त्यांच्या नावाने वार्षिक पुरस्कार सुरू करायचा आहे, तिसरा व्याख्यानमालेवर अडून बसला आहे. निधी मर्यादित असल्यामुळे यातील एकच गोष्ट नीट करता येईल.

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रजनीकांत मूळचे राहुरीचे, तर मेबल यांचा जन्म जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे एकत्र शिकले आणि १९६० मध्ये विवाहबद्ध झाले. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, बरे करून घरी पाठवलेला रुग्ण काही महिन्यांनी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो, कारण आजाराचे मूळ गावातच राहिलेले असते. अमेरिकेतील पुढील प्रशिक्षणानंतर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणानंतर १९७० मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मेबलताई १९९९ मध्ये आणि डॉक्टर मे २०११ मध्ये गेले. प्रकल्प आजही चालू आहे.

तर प्रश्न असा की, अशा माणसांचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

अनुस्वार
पुतळा नको. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार मिळतो आणि उरलेले दिवस कबुतरे सांभाळतात.

भुईकोट
अनुस्वार यांची कोटी चांगली असली तरी मी पुतळ्याच्या बाजूने बोलणार आहे. आमच्या तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाईंचे जन्मस्थान म्हणून तिथे माणसे लांबून येतात. खर्ड्याचा किल्ला आहे, १७९५ ची लढाई शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र बसस्थानकावर उतरणाऱ्या तरुणाला आरोळे कोण होते असे विचारले, तर अनेकदा 'दवाखानावाले' एवढेच उत्तर मिळते. डोळ्यांना दिसणारी खूण असली की निदान प्रश्न तरी विचारला जातो. तिची इतकी टिंगल करण्याचे कारण नाही.

पांढरी साडी
मी निवृत्त परिचारिका आहे. शेजारच्या जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली आणि नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आम्हा काही जणींना जामखेडचे काम पाहण्यासाठी पाठवले होते. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगते, त्यातून कदाचित मूळ प्रश्नाचे उत्तरही मिळेल.

एका खोलीत सतरंजीवर बायका गोल करून बसल्या होत्या. बहुतेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. त्या दिवशीचा विषय होता जुलाब लागलेल्या मुलाला द्यायचे साखर-मिठाचे पाणी. एक लिटर पाण्याला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हे प्रमाण मी पाठ्यपुस्तकातून पाठ केले होते. तिथे मात्र प्रत्येकीने स्वतः पाणी तयार केले, शेजारणीला चाखायला दिले आणि शेजारणीने सांगायचे की ते डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागते की नाही. खारट लागले तर ओतून पुन्हा करायचे. एका वयस्कर बाईंनी तीनदा केले आणि चौथ्यांदा जमल्यावर त्यांनीच नव्या मुलीला शिकवायला घेतले. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मागे सरकून बसल्या होत्या.

मला तेव्हा जरा रागच आला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. चार वर्षे शिकून आम्ही जे करतो ते या बायका एका दुपारी शिकणार, तर आमची गरज काय, असा तो राग होता. पुढे खेड्यापाड्यांत नोकरी केल्यावर समजले की, रात्री दोन वाजता मूल आडवे झाले असता गावात जी बाई असते तीच उपयोगाची असते.

वाचनवेडी
पांढरी साडी यांच्या प्रतिसादाला पूरक माहिती जोडते. प्रकल्पाच्या सुरुवातीला गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला होता, पण त्या खेड्यात राहायला तयार नव्हत्या आणि गावकऱ्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता. त्यातून गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी, ही कल्पना पुढे आली. निवडलेल्या बायका वेगवेगळ्या जातींच्या होत्या आणि त्यांत दलित स्त्रियाही होत्या. प्रशिक्षणासाठी जामखेडला मुक्काम करताना त्या सगळ्यांसाठी मिळून एकच मोठे पांघरूण असे. १९७० च्या दशकात, या भागात, ही साधी गोष्ट नव्हती. जातीवर व्याख्यान न देता थंडीच्या रात्री सगळ्यांना एका पांघरुणाखाली आणणे, यामागची अक्कल मला आजही थक्क करते.

स्टेथोस्कोप
मी शल्यचिकित्सक आहे आणि या धाग्यावर थोडे विरोधी मत मांडणार आहे.

आरोळे दांपत्याविषयी मला पूर्ण आदर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या संकलनात त्यांनी जामखेडवर लिहिलेले प्रकरण होते आणि १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार जगाने स्वीकारला, त्याच्या पूर्वतयारीत अशा मोजक्या प्रयोगांचा वाटा होता, हे सर्वमान्य आहे. प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, त्यांच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते आणि पाच वर्षांत ते ५२ पर्यंत खाली आले.

माझा आक्षेप वेगळा आहे. 'अशिक्षित बाईसुद्धा डॉक्टरचे काम करते' हे वाक्य सभांमधून इतके गोंजारले जाते की, शासनाला खेड्यात डॉक्टर न पाठवण्याची आयती सबब मिळते. अडलेले बाळंतपण, पोटातील आतडे फाटणे, सर्पदंशानंतर बंद पडणारा श्वास, यांवर साखर-मिठाचे पाणी चालत नाही. सन्मान करताना एवढे भान ठेवावे.

पांढरी साडी
डॉक्टरसाहेब, तुमच्या मुद्द्याचा उत्तरार्ध मान्य आहे. मात्र जामखेडला रुग्णालय होतेच आणि शस्त्रक्रियाही होत होत्या. अडलेली बाई वेळेत ओळखून तिला गाडीत घालून तिथे पोहोचवणे हेही गावातल्या त्या सेविकेचेच काम होते. खालचा माणूस पक्का असेल तरच वरच्या डॉक्टरचा हात वेळेवर लागतो.

स्टेथोस्कोप
हे मान्य. माझा रोख जामखेडवर नसून जामखेडचे नाव घेऊन हात झटकणाऱ्यांवर होता.

मोडी लिपी
विषय आरोग्याचा निघाला म्हणून पाण्याचाही उल्लेख करतो. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले. त्या वर्षी या भागात औषधाच्या आधी अन्न आणि पाणी हवे होते, हे आरोळे यांनी ओळखले. मुलांसाठी गावोगावी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला आणि कूपनलिका घेतल्या गेल्या. कूपनलिकांच्या जागा ठरवताना त्या दलित वस्तीत किंवा वस्तीलगत याव्यात, असा त्यांचा आग्रह होता. परिणाम असा झाला की, ज्यांच्या विहिरीवर वस्तीतल्या बाईला घागर लांबून धरावी लागत होती, त्यांनाच आता पाण्यासाठी वस्तीत यावे लागले. आमच्या वडिलांना डॉक्टरांच्या पदव्या कधीच पाठ झाल्या नाहीत, हापशाची जागा मात्र ते अखेरपर्यंत बोट दाखवून सांगत असत.

भुईकोट, खूणच हवी असेल तर तसा हापसा शोधून त्याची दुरुस्ती करा आणि तिथे एक पाटी लावा.

भुईकोट
सूचना मनापासून आवडली. पुतळ्यावरून हापशावर यायला मी तयार आहे.

अनुस्वार
हापशाला हार घालण्याची सोय असावी, म्हणजे पाहुण्यांची पंचाईत होणार नाही.

ज्वारीचे कणीस
इथे सगळे जण कौतुकच करत आहेत म्हणून एक नकोसा विषय काढतो. आमच्या लहानपणी घरात कुजबुज असे की, हे ख्रिस्ती लोक आहेत, दवाखान्याच्या आडून धर्म बदलतील. आमच्या आजोबांनी तर पहिली काही वर्षे घरातल्या कोणालाही तिकडे जाऊ दिले नव्हते. कोणी माना अथवा न माना, हा संशय त्या काळी होता आणि तो टाळून त्यांचा इतिहास लिहिला तर तो अर्धवट होईल.

वाचनवेडी
संशय होता हे नाकारण्यात अर्थ नाही. दोघेही श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पण गावपातळीवर काम कोणाच्या हाती होते ते पाहा. तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे गावातल्याच लोकांची होती, सेविका गावाने निवडलेली होती आणि कुष्ठरोग्यांनाही इतर रुग्णांबरोबर त्याच रुग्णालयात उपचार मिळत होते. तुमच्या आजोबांचे मत पुढे बदलले का?

ज्वारीचे कणीस
आजीचे मोतीबिंदू तिथेच निघाले. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. मत बदलले असे आजोबा कधीच म्हणाले नाहीत, आणि त्यांचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

सातासमुद्रापार
मी बाल्टिमोरला राहते. सार्वजनिक आरोग्य शिकलेल्या इथल्या अमेरिकन सहकाऱ्याने मी नगर जिल्ह्यातली आहे हे कळल्यावर सर्वप्रथम विचारले, 'म्हणजे जामखेडच्या जवळची?' आपल्याकडे जिल्ह्याबाहेर फारसे माहीत नसलेले गाव इथल्या वर्गात शिकवले जाते. अनेक देशांतील कार्यकर्ते प्रशिक्षणासाठी जामखेडला येत आले आहेत. म्हणून पुरस्कार देऊन त्यांचे नाव 'जगभर पोहोचवण्याची' चिंता गटाने करू नये, ते केव्हाच पोहोचले आहे. कमतरता आहे ती मराठीतून नीट लिहिलेल्या, घराघरांतून गोळा केलेल्या आठवणींची.

कुळथाचे पिठले
धागाकर्त्यांना एक प्रश्न. पुरस्कार काढलाच तर तो कोणाच्या नावाने? मी हे उगाच विचारत नाही. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार समाजनेतृत्वासाठी दोघांना मिळून दिला गेला, ही फार योग्य गोष्ट झाली. १९९० मध्ये पद्मभूषण आले ते रजनीकांत यांच्या नावाने. आता कोणत्याही कार्यक्रमात ऐका, वक्ता 'डॉ. आरोळे यांनी' असे सुरू करतो आणि शेवटी 'त्यांच्या पत्नीचीही मोलाची साथ लाभली' एवढे पुरवणीला जोडतो. मेबलताई स्वतः डॉक्टर होत्या. १९९४ मध्ये जामखेडच्या अनुभवावर निघालेले पुस्तकही दोघांनी मिळून लिहिलेले आहे. हे 'साथ देणे' नव्हते.

स्टेथोस्कोप
सहमत. आमच्या व्यवसायात नवरा-बायको दोघेही डॉक्टर असले तर पाटीवर दोन नावे असतात आणि गावात मात्र 'डॉक्टर' व 'डॉक्टरांच्या मॅडम' असतात.

भुईकोट
कुळथाचे पिठले यांच्याशी थोडा मतभेद. मेबलताई १९९९ ला गेल्या, डॉक्टर त्यानंतर जवळजवळ बारा वर्षे काम करत राहिले. नव्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले ते त्यांनाच. त्यामुळे त्यांचे नाव अधिक घेतले जाते, त्यात प्रत्येक वेळी अन्याय शोधू नये.

कुळथाचे पिठले
कारण पटले, पण म्हणून ते तसेच चालू ठेवावे असे होत नाही. सावित्रीबाईंनी जोतीरावांच्या पश्चात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना प्राण सोडला. तरीसुद्धा त्यांचे स्वतंत्र कर्तृत्व शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला किती काळ जावा लागला? आनंदवनाचे नाव घेतल्यावर बाबांच्या बरोबरीने साधनाताई आठवणारे आजही कमीच. महाराष्ट्राला जोडप्याने केलेल्या कामाची मोठी परंपरा आहे आणि तिची नोंद एकेरी ठेवण्याचीही.

मोडी लिपी
शेवटचे वाक्य बोचरे आहे, पण खरे आहे.

खर्ड्याचा जावई
सर्व प्रतिसाद वाचले. माझ्या सासूबाई आशा सेविका आहेत, म्हणून एका बाजूकडे लक्ष वेधतो. २००५ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले, त्यातून आशा आल्या. गावातलीच बाई निवडून तिच्या हाती गावाचे आरोग्य द्यायचे, या विचाराचा जामखेड हा एक जुना आणि गाजलेला नमुना होता. मात्र विचार उचलताना कष्ट उचलले गेले आणि शिक्षण मागे राहिले. जामखेडच्या सेविका पुन्हा पुन्हा प्रशिक्षणाला येत, अडचणी मांडत, एकमेकींकडून शिकत. आमच्या सासूबाईंच्या वाट्याला नोंदवह्या, सर्वेक्षणे आणि मोबाइलवर भरायचे तक्ते येतात. मानधनासाठी आंदोलन करावे लागते ते निराळेच.

एक अवघड प्रश्नही विचारतो. जामखेडच्या सेविकांना नोकरदारांसारखा पगार नव्हता. पोट भरण्यासाठी स्वतःचा लहानसा व्यवसाय करावा, त्यासाठी मदत आणि शिक्षण मिळावे, अशी ती रचना होती. बाईच्या सेवेला पगार न देणे हे आपण किती काळ 'त्याग' म्हणून गौरवणार आहोत?

पांढरी साडी
जावईबापू, प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतः संघटनेत होते म्हणून त्याला बगल देणार नाही. त्या काळातील विचार असा होता की, पगार दिला की बाई संस्थेची नोकर होते, न दिला तर ती गावाची राहते. शेळी पाळून किंवा बांगड्या विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला नवऱ्यापुढे, सरपंचापुढे उभे राहण्याचे बळ आले, हे मी पाहिले आहे. १९८८ मध्ये त्यांच्यातलीच एक जण वॉशिंग्टनच्या परिषदेत जाऊन बोलली. पण हा हिशेब एका ध्येयवादी संस्थेत जुळतो, लाखो बायकांच्या सरकारी योजनेत तोच लावला तर ती पिळवणूक होते. आरोळे दांपत्याचे नाव घेऊन आशांना कमी मानधन देण्याचे समर्थन कोणी करू नये.

स्टेथोस्कोप
माझ्या पहिल्या प्रतिसादातील मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

वाचनवेडी
मूळ प्रश्नाकडे वळू या. सातासमुद्रापार यांनी आठवणींचा मुद्दा काढला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फळीतल्या सेविकांपैकी अनेक जणी आज हयात नाहीत आणि ज्या आहेत त्यांची वये झाली आहेत. आरोळे दांपत्याविषयी देशविदेशांत लिहिले गेले, पण त्या बायकांनी आपापल्या गावात पहिले बाळंतपण कसे केले, कोणी दार लावून घेतले, कोणी नंतर उघडले, हे त्यांच्याच तोंडून मराठीत नोंदवलेले फारसे सापडत नाही. गटाचा निधी ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या लेखनावर खर्च करावा, अशी माझी ठाम सूचना आहे.

भुईकोट
आणि हापसा?

मोडी लिपी
हापशाची दुरुस्ती फार खर्चाची नसते. ती माझ्याकडे लागली, वडिलांच्या नावाने नव्हे, त्या दोघांच्या नावाने. सध्या चालू स्थितीत कोणता आहे हे ग्रामपंचायतीत विचारून कळवतो.

अनुस्वार
ध्वनिमुद्रणाच्या उद्घाटनाला पाहुणे, शाल, श्रीफळ आणि मान्यवरांचे फोटो असलेला फलक नसेल, तर माझीही वर्गणी धरा. फलक असेल तर निम्मी.

ज्वारीचे कणीस
ध्वनिमुद्रण करताना विरोध करणाऱ्या घरांतल्या आठवणीही घ्याव्यात. आमच्या घरापासून सुरुवात करता येईल, चुलत्यांना सगळे आठवते आणि ते आजोबांइतके अबोल नाहीत.

विंचरणा
सर्वांचे आभार. हे सर्व प्रतिसाद मी काल गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. पुतळ्यांचा प्रस्ताव मागे घेण्यात आला आहे, व्याख्यानमालावाल्यांनी थोडी कुरकुर केली पण तेही तयार झाले. ठरले ते असे : जामखेड आणि आसपासच्या गावांतील जुन्या आरोग्य सेविकांच्या, तसेच त्या काळच्या गावकऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून लिहून काढायच्या. उपक्रमाला 'डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे' अशी दोन्ही नावे, याच क्रमाने. मुलाखत देणाऱ्या प्रत्येक बाईला दिवसभराच्या वेळेचा मोबदला द्यायचा, हा खर्ड्याच्या जावयांच्या प्रतिसादाचा परिणाम. सुरुवात करण्यापूर्वी प्रकल्पाच्या सध्याच्या चालकांशी बोलून त्यांची संमती आणि मार्गदर्शन घेऊ.

आता मदत हवी आहे. प्रश्नावली कोण तयार करेल? आमच्यापैकी बहुतेकांना संगणक समजतो, बाळंतपण समजत नाही.

पांढरी साडी
प्रश्नावली मी करते, स्टेथोस्कोप यांनी तपासून द्यावी. एवढेच आधी सांगून ठेवते की 'डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले' हा प्रश्न अगदी शेवटी येईल. पहिला प्रश्न असेल, 'गावाने तुमचे नाव सुचवले तेव्हा घरचे काय म्हणाले?'

स्टेथोस्कोप
तपासून देतो. सर्पदंश आणि अडलेली बाळंतपणे यांवर मला स्वतंत्र प्रश्न हवे आहेत : गाडी कोणाची होती, किती वेळ लागला, रस्ता कुठपर्यंत होता.

विंचरणा
दोन्ही मान्य. मसुदा इथेच टाकावा, म्हणजे इतरांनाही भर घालता येईल. आष्टी, पाटोदा, करमाळा आणि भूम या बाजूच्या सदस्यांपैकी कोणाच्या नात्यात जुन्या सेविका असतील, तर व्यक्तिगत निरोपातून कळवावे. नावे आणि पत्ते कृपया धाग्यावर लिहू नयेत.